ऑटोमन साम्राज्य: तिमार, वक्फ आणि एका चांदीच्या नाण्याचा हिशेब

प्रश्न असा आहे: "ऑटोमन साम्राज्य सहाशे वर्षं टिकलं ते फक्त लष्कराच्या जोरावर का? लवकरच इस्तंबूलला जाणार आहोत. तिथल्या मशिदी सगळ्या एकसारख्याच दिसतात असं ऐकलंय, तर नेमकं काय आणि कसं पाहायचं? आणि आपल्याकडे या साम्राज्याचा काही मागमूस आहे का?"

लष्कराचा वाटा मोठा होताच. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल, १५१६-१७ मध्ये सीरिया आणि इजिप्त, १५२१ साली बेलग्रेड, १५२६ साली मोहाच इथे हंगेरीच्या राजाचा पाडाव. तोफखाना आणि जानिसारी, म्हणजे सुलतानाचं कायम पगारी पायदळ, नसतं तर यातलं काही जमलं नसतं. पण चांगल्या फौजा त्या काळी इतरांकडेही होत्या. ऑटोमनांचं वेगळेपण असं, की फौजेच्या मागोमाग वह्या घेऊन कारकून पोचायचे आणि मुलूख कागदावर उतरवून घ्यायचे. त्यामुळे हे राज्य समजून घ्यायचं असेल तर सुलतानांची वंशावळ पाठ करू नका. अक्चे नावाचं एक छोटंसं चांदीचं नाणं धरून चाला. सोळाव्या शतकाच्या मध्यात त्यात जेमतेम ०.६८ ग्रॅम चांदी होती. घोडेस्वाराची नेमणूक, पायदळाचा पगार, मदरशातल्या शिक्षकाचा रोज, इझनिक गावच्या, भिंतीवर लावायच्या रंगीत फरशीचा भाव, हे सगळं या नाण्यात आकडा घालून बांधून टाकलेलं होतं. नाणं स्थिर होतं तोवर गाडा चालला. ते घसरलं तेव्हा एकाच वेळी चार ठिकाणी भेगा पडल्या.

आधी जमिनीचं पाहू. नवा मुलूख ताब्यात आला की तिथे 'तहरीर', म्हणजे पाहणी व्हायची. एक अमीन (पाहणी अधिकारी) आणि त्याच्यासोबत कातिब (लेखनिक) गावोगाव जायचे. गावातल्या वयात आलेल्या पुरुषांची नावं बापाच्या नावासकट लिहायची. लग्न झालेला कोण, सडाफटिंग कोण, कोणाकडे पूर्ण औताची जमीन, कोणाकडे अर्ध्या औताची, कोणाकडे काहीच नाही, ते टिपायचं. एक औत म्हणजे एका बैलजोडीने नांगरून होईल एवढी जमीन. माती कशी आहे त्यावर ती ६० ते १५० दोनूम धरत, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण १४ ते ३४ एकर. पिकाचा अंदाज एका वर्षावरून बांधत नसत; तीन वर्षांची सरासरी काढून तिचे अक्चे करत. तपशिलाची वही वेगळी आणि गोषवाऱ्याची वेगळी. प्रत प्रांतात राही आणि इस्तंबूलच्या दफ्तरातही.

या वह्या आज हजारोंनी शिल्लक आहेत, आणि इतिहासाच्या चर्चेत त्यांतले आकडे बेधडक फेकले जातात. दोन खाचखळगे लक्षात ठेवावेत. वहीत माणसं मोजलेली नाहीत, कर देणारी घरं मोजलेली आहेत. घरांना पाचाने गुणून लोकसंख्या काढायची प्रथा आहे, पण तो 'पाच' वहीतला नाही, अभ्यासकांनी घेतलेला आहे. शिवाय करमाफी असलेले लोक बऱ्याचदा मोजणीतच आलेले नसतात. दुसरं, लागोपाठच्या दोन पाहण्यांत एखाद्या गावाचे सगळे आकडे जसेच्या तसे असतील तर गाव थांबलेलं नव्हतं, कारकून गावात गेला नव्हता. त्याने जुनी वही उतरवून काढली.

याच आकड्यांवरून तिमार दिला जायचा. तिमार म्हणजे ठरावीक गावांचा महसूल गोळा करण्याचा हक्क, बदल्यात घोडा आणि हत्यारासह मोहिमेवर हजर राहायचं. २०,००० अक्चेपर्यंतच्या नेमणुकीला तिमार, २०,००० ते १ लाखाच्या नेमणुकीला झिआमेत आणि त्यावरच्याला खास म्हणत. खास प्रांताधिकारी, वजीर आणि खुद्द सुलतान यांच्यासाठी. तिमारदाराने साधारण दर ३,००० अक्चेमागे एक हत्यारबंद स्वार आणायचा, झिआमेतवाल्याने दर ५,००० मागे एक. मोहिमेच्या वेळी हजेरी घेतली जाई. गैरहजर राहिला की नेमणूक काढून घेत.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे चटकन वतन येतं. ते बाजूला ठेवा. वतन पिढीजात होतं, तिमार नव्हता. सिपाहीच्या, म्हणजे तिमारदार घोडेस्वाराच्या, मुलाला तिमार मागता येई, पण बापाचा आयता मिळत नसे. छोट्या नेमणुकीपासून सुरुवात करावी लागे. जमीन सरकारची, कसण्याचा पिढीजात हक्क शेतकऱ्याचा, आणि सिपाहीकडे फक्त महसूल. आदिलशाही-निजामशाहीतला मोकासा, म्हणजे चाकरीच्या बदल्यात दिलेला गावाचा महसूल, त्याच्या जास्त जवळ जातो. शेतकऱ्यावर धान्याचा दशांश होता, शिवाय औतामागे रोख पट्टी. अनातोलियाच्या बऱ्याच भागांत ती वर्षाला २२ अक्चे होती. जमीन सबळ कारणाशिवाय तीन वर्षं पडीक ठेवली तर सिपाही ती दुसऱ्याला देऊ शके. शेत सोडून गेलेल्या शेतकऱ्यावर वेगळा दंड. जाचक होतं, पण दर कानूननाम्यात, म्हणजे सरकारी लेखी नियमांत, लिहिलेला होता आणि जास्त वसुलीची तक्रार घेऊन काझीकडे जाता येत होतं. लोक खरंच जात, आणि काझींच्या नोंदवह्या अशा तक्रारींनी भरलेल्या आहेत.

देवशिर्मेबद्दल, म्हणजे सरकारी चाकरीसाठी मुलांच्या सक्तीच्या भरतीबद्दल, थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे बहुतेक लोक एक तर डोळ्यांत पाणी आणतात नाही तर छाती फुगवतात. बाल्कन आणि अनातोलियातल्या ख्रिस्ती खेड्यांतून काही वर्षांच्या अंतराने साधारण चाळीस घरांमागे एक मुलगा सक्तीने नेला जाई. एकुलता एक मुलगा आणि लग्न झालेला सहसा वगळत. मुलगा मुसलमान केला जाई, काही वर्षं तुर्की शेतकऱ्याकडे भाषा शिकायला ठेवला जाई आणि मग कामगिरी किंवा जानिसारी पलटण. निवडक मुलं राजवाड्याच्या शाळेत जात. बोस्नियातून आलेला सोकोल्लू मेहमेद पाशा १५६५ ते १५७९ वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर, होता. कायसेरीजवळच्या अग्रनास गावचा सिनान पन्नास वर्षं साम्राज्याचा मुख्य वास्तुविशारद होता. ही सक्ती होती आणि शिडीही होती. त्यातलं एक वगळून दुसरं सांगणारा अर्धाच इतिहास सांगतो.

आता वक्फ. इस्तंबूलला जे पाहायला जाणार त्यातलं बरंचसं वक्फाचं आहे. सुलतान, वजीर, राजघराण्यातल्या बायका, श्रीमंत व्यापारी, कोणीही आपली मिळकत कायमची दान करून टाकी. त्याचा वक्फनामा काझीपुढे नोंदवला जाई. वक्फनाम्यात उत्पन्नाचं साधन कोणतं (गावं, दुकानं, हमाम, गिरण्या), खर्च कशावर, किती नोकर, कोणाला रोज किती अक्चे, आणि कारभार पाहणारा मुतवल्ली कोण, हे सगळं लिहिलेलं असे. मुतवल्लीवर देखरेखीला नाझिर. मदरशांचे दर्जेसुद्धा शिक्षकाच्या रोजावरून ओळखले जात: विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीच्या मदरशात तो रोज ६० अक्चे होता.

हा कारभार जवळून पाहायचा असेल तर जेरुसलेममधला हुर्रेम सुलतानचा इमारेत घ्या. ती सुलतान सुलेमानची बायको. १५५० च्या सुमारास तिने तिथे सार्वजनिक स्वयंपाकघर वक्फ केलं आणि रामल्याच्या आसपासच्या गावांचा महसूल त्याला लावून दिला. रोज दोन वेळा सुमारे ४०० गोरगरिबांना, शिवाय तिथले नोकर आणि धर्मशाळेतले रहिवासी यांना सूप आणि पाव. सकाळचं सूप तांदळाचं, संध्याकाळचं गव्हाचं. शुक्रवारी आणि सणाला मटण घातलेला भात आणि झेर्दे, म्हणजे केशर घातलेला गोड भात. तांदूळ किती, तूप किती, सरपण किती, हे वक्फनाम्यात ठरलेलं. पहिल्यांदा कोण जेवणार आणि शेवटी कोण, तेही ठरलेलं, गरीब शेवटी. हे स्वयंपाकघर आजही त्याच जागी अन्न वाटतं.

रोख रकमेचाही वक्फ होई, आणि त्यावरून सोळाव्या शतकात मोठा वाद झाला. रक्कम दान करायची, ती कर्जाऊ द्यायची, येणाऱ्या पैशातून शाळा चालवायची. दर साधारण शेकडा दहा ते पंधरा. हे व्याजच नाही का, असा बिर्गिवी या विद्वानाचा आक्षेप. शेखुलइस्लाम, म्हणजे साम्राज्याचा मुख्य धर्मशास्त्री, एबुस्सुऊद एफेंदीने व्यवहार पाहून परवानगी दिली. त्याचं म्हणणं असं, की हे बंद केलं तर निम्मी धर्मादाय कामं बंद पडतील. या वक्फांचा खरा शत्रू मात्र शास्त्र नव्हतं, बुडीत कर्जं आणि पडत्या किमतीचं नाणं होतं.

इस्तंबूलमध्ये सुरुवात रुस्तम पाशा मशिदीपासून करा. एमिनोन्यूच्या बाजारात ती रस्त्यावरून चटकन दिसतही नाही, कारण ती दुकानांच्या डोक्यावर बांधलेली आहे. खाली कमानीखालची दुकानं, मधून चिंचोळा जिना, वर अंगण आणि मशीद. खालच्या दुकानांचं भाडं वरच्या मशिदीला. वक्फ कसा चालायचा हे याहून सोप्या रीतीने सांगणारी इमारत शहरात दुसरी नसेल. रुस्तम पाशा हा सुलेमानचा जावई आणि वजीर. १५६१ साली वारला, आणि मशीद त्यानंतर सिनानने पुरी केली. तिच्या आतल्या फरशांकडे थोड्या वेळाने येतो.

तिथून चढ चढून सुलेमानियेला जा. बांधकाम १५५० ते १५५७. ही नुसती मशीद नाही, तिच्याभोवती मदरसे, वैद्यकशाळा, रुग्णालय, इमारेत, सराई, हमाम असा आख्खा परिसर आहे. बांधकामाच्या हिशेबवह्या टिकल्या आहेत, म्हणून आपल्याला कळतं की सुमारे साडेतीन हजार कारागीर आणि मजूर तिथे राबले, त्यात ख्रिस्ती आणि मुसलमान जवळजवळ निम्मे-निम्मे होते. निम्म्याहून जास्त मोकळे, रोजावरचे लोक. सुमारे ४० टक्के जानिसारी होऊ घातलेले उमेदवार. गलबतांवरचे गुलाम पाच टक्क्यांच्या आसपास. 'गुलामांकडून बांधून घेतली' हे वाक्य इथल्या मार्गदर्शकांच्या तोंडी सर्रास असतं. वह्या वेगळं सांगतात.

आत गेल्यावर वर बघण्याआधी बाजूच्या भिंती बघा. मोठ्या घुमटाचा प्रश्न वजनाचा कमी आणि बाहेरच्या रेट्याचा जास्त असतो. घुमट पायथ्याशी पसरू पाहतो आणि आधारांना बाहेर ढकलतो. आयासोफिया या ऑटोमनांच्या आधीच्या चर्चचा पहिला घुमट ५५८ साली याच कारणाने कोसळला, पुढे ९८९ आणि १३४६ साली त्याचे भाग पडले. सिनानने त्या इमारतीची डागडुजी केलेली होती, तिला बाहेरून टेकू दिले होते, त्यामुळे ती कुठे दमते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सुलेमानियेत पुढच्या आणि मागच्या बाजूचा रेटा दोन अर्धघुमटांनी घेतला आहे. डाव्या-उजव्या बाजूंना अर्धघुमट नाहीत, तिथे धिरे, म्हणजे भिंतीला टेकू देणारे जाड आधार, पाहिजेत. सिनानने ते धिरे निम्मे भिंतीच्या आत आणि निम्मे बाहेर घेतले आणि मधल्या जागेत दालनं बसवली. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सज्जे दिसतात, धिरा दिसत नाही. घुमटाचा व्यास सुमारे २६ मीटर, उंची सुमारे ५३ मीटर. 'सगळ्या मशिदी सारख्या' ही तक्रार इथेच मिटते: घुमट कोणाच्या खांद्यावर आहे, चार खांबांच्या, सहा की आठ, ते मोजायचं आणि रेटा कुठे जिरवलाय ते शोधायचं. एदिर्ने शहरातल्या सेलिमिये मशिदीत आठ खांब आहेत आणि घुमट ३१ मीटरहून थोडा मोठा. तिथे आत उभं राहिल्यावर खांब भिंतीला चिकटल्यासारखे होतात आणि सगळी जागा एकच वाटते. एक दिवस वाढवता आला तर एदिर्नेसाठी वाढवा, बोस्फोरसची बोटफेरी नाही झाली तरी चालेल.

घुमट विटेचा असतो, कारण दगडापेक्षा वीट हलकी. चुना आणि विटेची भुकटी यांचा गिलावा, आपल्याकडे ज्याला सुरखी म्हणतात तोच प्रकार; तिकडे त्याला होरासान म्हणतात. साधारण एक भाग चुन्याला दोन-तीन भाग भुकटी आणि वाळू. विटेच्या भुकटीमुळे तो दमट जागीही धरतो, पण सावकाश. त्या संथपणाचा फायदा असा, की बांधकाम बसताना गिलावा थोडा सरकून घेतो. दगड एकमेकांना लोखंडी कांबीने जोडलेले असतात. दोन्ही दगडांत खाच पाडायची, टोकांना भोक, कांब बसवायची आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. शिशामुळे लोखंडाला पाणी आणि हवा लागत नाही, आणि भूकंपात सांधा जरा लवचीक राहतो. छपरावर शिशाचे पत्रे असतात. ते उन्हाने पसरतात, रात्री आकसतात, शिवणीपाशी फाटतात, म्हणून वक्फाच्या नोकरांच्या यादीत शिसं दुरुस्त करणारा माणूस कायमचा असे.

इथे विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांनी घात केला. चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं की भिंतीतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, कांबी गंजतात, गंज फुगतो आणि दगड आतून फुटतो. बाहेरून आधी काळपट पट्टा दिसतो, मग पापुद्रे सुटतात. जुन्या इमारतीच्या दगडी कोपऱ्यावर असा पट्टा दिसला तर आत लोखंड आहे आणि शिसं हललं आहे असं समजावं. मोस्तारचा पूल (१५६६) १९९३ च्या युद्धात पाडला गेला. २००४ साली पुन्हा उभारताना तोच स्थानिक दगड आणि तीच शिशात बसवलेली लोखंडी कांब वापरली, ती उगाच हौस म्हणून नव्हे.

सुलेमानियेत आणखी दोन गोष्टी बघायच्या राहून जातात. घुमटात मडकी चिणलेली आहेत, तोंड आतल्या बाजूला, आवाजाचा घुमारा आवरण्यासाठी. आणि हजारो तेलदिव्यांची काजळी भिंती काळ्या करू नये म्हणून हवेचा झोत मुख्य दरवाजावरच्या खोलीकडे वळवलेला होता. तिथे जमलेली काजळी शाईसाठी वापरत. ऑटोमन सुलेखनाची शाई म्हणजे काजळी, डिंक आणि पाणी. घोटण्यात कमी पडली की अक्षराच्या कडा फुटतात.

आता फरशा. इझनिकची फरशी चिनी मातीची नाही आणि साध्या मातीचीही नाही. तिच्या अंगात सुमारे ८० टक्के गारगोटीची भुकटी असते, बाकी शिसं-सोडा घालून केलेल्या काचेची पूड आणि थोडी पांढरी माती. हे पीठ मळायला त्रासदायक. माती इतकी कमी की हाताखाली धरत नाही, सुकताना वाकतं. त्यावर शुभ्र अस्तर. मग कागदावरच्या नक्षीच्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, तो कागद फरशीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, ठिपके उमटले की कुंचल्याने रेषा ओढायच्या. निळा कोबाल्टचा, फिरोजी आणि हिरवा तांब्याचा, लाल लोहयुक्त मातीचा. वर पारदर्शक झिलई आणि ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजणी. लाल सगळ्यांत खट्याळ: तो रंगासारखा पसरत नाही, मातीसारखा जाड थापावा लागतो. पातळ झाला की तपकिरी दिसतो. तांबं जास्त झालं की हिरवा ओघळतो. अंग आणि झिलई यांचं आकसणं जुळलं नाही की बारीक तडे.

म्हणून रुस्तम पाशा मशिदीत फरशीसमोर उभं राहून तिरप्या उजेडात बघा, हात लावू नका. ट्यूलिप आणि कार्नेशनच्या पाकळ्यांचा लाल भाग टाचणीच्या डोक्याएवढा वर उचललेला दिसतो. हा लाल सुलेमानियेच्या वेळी, १५५० च्या दशकात पहिल्यांदा मशिदीच्या भिंतीवर आला. त्यानंतर सुलतान अहमद मशिदीत, पर्यटकांच्या निळ्या मशिदीत (१६०९-१६), जा. तिथे वीस हजारांहून जास्त फरशा आहेत आणि प्रत सारखी नाही. कारण भाव राजवाड्याने बांधून दिला होता आणि बाजारात सगळं महाग होत होतं. कारागिरांना बाहेर विकायची बंदी होती, आधी सरकारी मागणी पुरी करा असे हुकूम जात. ठरल्या भावात चांगला माल परवडत नाही तेव्हा कारागीर काय करतो ते त्या भिंतींवर वाचता येतं: निळा पसरतो, लाल तपकिरी होतो, पांढरं पांढरं राहत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इझनिकच्या भट्ट्या जवळजवळ थंडावल्या. बाजारात 'जुनी इझनिक' म्हणून कोणी फरशी दाखवली तर घेऊ नका. लाल भाग सपाट असेल तर ती बहुधा नवी आहे आणि पैसे गेले. खरी असेल तर ती तुर्कस्तानाबाहेर नेणं गुन्हा आहे.

त्या महागाईचं मूळ १५८५-८६ मध्ये आहे. तोवर १०० दिरहम, म्हणजे सुमारे ३०७ ग्रॅम चांदीतून ४५० अक्चे पाडत. आता तेवढ्याच चांदीतून ८००. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट ६० अक्चेला मिळायचं ते १२० वर गेलं. इराणशी १५७८ पासून चाललेली लढाई, वाढती लोकसंख्या, अमेरिकेतून युरोपमार्गे आलेली चांदी, सगळ्यांचा भार एका नाण्यावर आला. १५८९ मध्ये हलक्या नाण्यांत पगार हातात पडल्यावर फौजी राजवाड्यावर चालून गेले आणि रुमेलियाचा (युरोपातल्या मुलखाचा) सुभेदार आणि दफ्तरदार (खजिन्याचा प्रमुख) या दोघांची डोकी मिळवूनच परतले. जानिसारींनी स्वयंपाकाची कढई पालथी घातली की बंड, ही खूण पुढे दोन शतकं सुलतानांच्या पोटात गोळा आणत राहिली.

तिमारदाराचा दशांश धान्यात होता, तो वाचला. औतामागची २२ अक्चेची रोख पट्टी मात्र कागदावर तेवढीच राहिली आणि तिची किंमत अर्धी झाली. त्यात १५९३ ते १६०६ ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याशी लांबलेलं युद्ध. वेढ्यांच्या त्या लढाईत भालेवाला घोडेस्वार उपयोगाचा नव्हता, बंदूकवाला पायदळी पाहिजे होता, आणि त्याला रोख पगार लागतो. १५२७ च्या सुमारास जानिसारी आठ हजारांच्या आसपास होते, १६०९ मध्ये साडेसदतीस हजारांवर गेले. मोहीम संपली की भाड्याचे बंदूकवाले हातातल्या हत्यारासह बेकार. अनातोलियातली जलाली बंडं यातूनच पेटली. रिकामे पडलेले तिमार सरकारने मक्त्याने द्यायला सुरुवात केली, १६९५ पासून तर हयातभराच्या मक्त्याने. वक्फांतले रोज वक्फनाम्यात कायमचे लिहिलेले, ते वाढवता येईनात. इमारती जळल्या की दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून भाडेकरूकडून सुरुवातीला मोठी रक्कम आणि मग नाममात्र वार्षिक भाडं असा करार रूढ झाला. त्यात वक्फाच्या हाती नुसती मालकी उरली.

याला 'ऱ्हास' म्हणून तीनशे वर्षं एका वाक्यात गुंडाळणं मला पटत नाही. १६८३ साली व्हिएन्नासमोर हार, १६९९ चा कार्लोविट्झचा तह, १८२६ साली जानिसारींचा निकाल, १८३९ पासून सुधारणा, १ नोव्हेंबर १९२२ ला सुलतानपद रद्द, ३ मार्च १९२४ ला खिलाफत. जी यंत्रणा मोडली ती बदलून राज्य आणखी तीन शतकं चाललं. कागद तर अजून चालू आहेत. १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा वेस्ट बँकमधल्या जमिनीच्या खटल्यांत आजही निघतो, आणि अंकारात जुन्या पाहणीच्या वह्या जमीन-नोंदणी खात्याने जपून ठेवल्या आहेत.

आपल्याकडचा मागमूस. आधी एक फिरती दंतकथा: ताजमहाल सिनानच्या शिष्याने बांधला. याला भरवशाचा पुरावा नाही, सोडून द्या. धातूचा पुरावा मात्र विजापूरच्या बुरुजावर आहे. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तोफेवर आहे, मुहम्मद बिन हसन रूमी. चौदा फुटांवर लांब, तोंड सिंहाचं आणि जबड्यात हत्ती. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला गेली, आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर तिच्यावर आपलाही लेख कोरवला. 'रूमी' म्हणजे ऑटोमन मुलखातला, रूमचा. पण म्हणून तो सुलतानाने पाठवलेला होता असं धरू नये. १५३८ मध्ये सुलेमान पाशाचं आरमार सुएझहून दीवपर्यंत आलं आणि पोर्तुगीजांपुढे हात हलवत परत गेलं, ती सरकारी मोहीम. गुजरात आणि दख्खनच्या दरबारांत दिसणारे रूमीखान बहुतेक आपल्या हुन्नरावर चाकरी शोधत आलेले गोलंदाज होते. जिथे पगार, तिथे तोफ.